परदेशातून: शेतीचा वाटा घसरला, पण माणसं कुठे गेली?

पुण्यातल्या मावसभावाशी फोनवर परत तोच वाद झाला. त्याचं म्हणणं, शेती आता जीडीपीच्या १८ टक्क्यांच्या आसपास उरलीय, मग सबसिडी आणि कर्जमाफी कशाला, तोच पैसा हिंजवडी-चाकणच्या रस्त्यांवर घाला. रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो बिचारा, त्याचा वैताग कळतो मला.

पण हा आकडा अर्धवट आहे हो. १९५०-५१ ला शेतीचा वाटा निम्म्याहून जास्त होता, तो एवढा खाली आला, तरी देशातले ४६ टक्क्यांच्या आसपास कामकरी लोक अजून शेतीतच आहेत. आणि कारखानदारी, जिने त्यांना सामावून घ्यायचं, ती कितीतरी वर्षं जीडीपीच्या १५-१७ टक्क्यांच्या पुढे सरकतच नाहीये. शेतातला पोरगा थेट कोडिंगला कसा जाणार? त्याच्या आजोबांच्या पिढीला आयटीआय करून पिंपरी-आकुर्डीत कायमची नोकरी लागायची तरी.

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. हा सगळा पट्टा कोळसा आणि पोलादावर जगायचा. १९५७ ला पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत ६ लाखांच्या आसपास माणसं होती, त्यातली शेवटची खाण बॉट्रॉपला डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, म्हणजे ६० वर्षं लागली आणि ती बरीचशी जाणूनबुजून लावली, सरकारने अब्जावधी ओतले, युनियन भांडल्या, पन्नाशीपुढच्या खाणकामगारांना पेन्शन सुरू होईपर्यंत भत्ता दिला, तरुणांना दुसरं काम शिकवलं. भरभराटीच्या दिवसांत इथे विद्यापीठ नव्हतं, १९६५ ला बोखुमला सुरू झालं, १९६८ ला डॉर्टमुंडला. सगळं छान झालं असं मुळीच नाही, शेजारच्या गेल्सेनकिर्शेनमध्ये बेकारी आजही देशात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी. पण माणसांचं काय करायचं हा प्रश्न तरी आधी विचारला गेला.

आपल्याकडे पुण्यातल्या मगरपट्ट्याने तो विचारला. १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर एकत्र केली, कंपनी काढून तिथे टाउनशिप उभारली, जमीन देऊन बाहेर पडण्याऐवजी शेअरहोल्डर झाले, आणि तिथली कामं त्यांच्याच पोरांनी घेतली. मला याचं फार कौतुक आहे. नाहीतर शहराभोवतीच्या किती गावांत जमीन गेली, पैसा आला, बंगला-गाडी झाली आणि पुढच्या पिढीच्या हातात ना जमीन ना कसब.

कर्जमाफीने काही सुटत नाही हे मलाही पटतं. पण तो पैसा वाचवलाच तर आधी शिरूर, दौंड, इंदापूरच्या आयटीआयमध्ये घाला, चाकणमध्ये आज जी मशीन चालतात ती तिथे शिकायला ठेवा, आणि शिकवणाऱ्यांना नीट पगार द्या.