पीव्हीसी पाइपाच्या ‘कोल्ड एअर इनटेक’नं पॉवर वाढत नाही, सोलापुरात तर इंजिनात धूळ जाते

उन्हाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा तर गाडीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर आलाय. म्हणणं असं की हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप नि एल्बो आणा, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून टाका, पाइपाच्या तोंडाला कोन फिल्टर (डब्याबाहेर उघडा राहणारा निमुळता फिल्टर) बसवा, झाला घरगुती कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा पाइप, तयार. पॉवर 15 टक्के वाढते, मायलेज तीन-चार किलोमीटरनं वाढतं, कंपनीवाले पैसे वाचवायला हे देत नाहीत, आणि सोलापूरसारख्या गरम गावात तर फायदा डबल. पोरं खरंच डबे काढायला लागलीत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी पॉवरचं बघू. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून पॉवर वाढते, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण किती? हवेची घनता केल्विनच्या हिशोबानं चालते. 40 डिग्री म्हणजे 313 केल्विन, त्यातनं 10 डिग्री कमी केले तरी हवा जेमतेम 3 टक्के दाट होते. 80 हॉर्सपॉवरच्या गाडीला फार फार तर अडीच हॉर्सपॉवर, तेही फुल थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. 15 टक्के पाहिजे असतील तर हवा 40 डिग्रीनं थंड करावी लागेल, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बाहेरच पारा 42-43 ला असतो, तर पाइप कुठनं आणणार थंड हवा? पाइप म्हणजे एसी नाही, बाहेर जेवढं तापमान त्याच्या खाली तो जाऊच शकत नाही. गरम गावात फायदा डबल हे तर सरळ उलटं आहे.

आता कंपनी देत नाही म्हणतात ते. आत्ता बॉनेट उघडून बघा की. फिल्टरच्या डब्यातनं एक काळा प्लास्टिकचा डक्ट निघतो, तो ग्रिलच्या मागं नाहीतर हेडलाइटच्या, फेंडरच्या बाजूला जातो, आजकालच्या बहुतेक गाड्यांत आहे तो. तो कशासाठी दिलाय मग? बाहेरची हवा घ्यायलाच. म्हणजे कोल्ड एअर इनटेक तुमच्या गाडीत शोरूममधनं निघालेल्या दिवसापासनं आहे, आणि मेसेजमधला जुगाड तो काढून टाकतो नि उघडा कोन फिल्टर इंजिनशेजारी ठेवतो, जिथं एक्झॉस्टची नि रेडिएटरची झळ थेट येते. पटत नसेल तर ब्लूटूथवाला स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या सेन्सरचे आकडे वाचणारा प्लग) लावा, मोबाइलवर इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. पुणे हायवेला मोहोळकडं चालत्या गाडीत हा आकडा बाहेरच्या तापमानाच्या आसपास राहतो, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलात की डोळ्यादेखत चढायला लागतो. उघड्या कोनचं हेच होतं, फक्त जास्त होतं, म्हणजे सिग्नल सुटला नि तुम्ही पाय दाबला की नेमकी तेव्हाच इंजिनाला सगळ्यात गरम हवा मिळते.

डिझेल टर्बोवाल्यांसाठी तर हा विषयच नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा लोडवर ती शंभर डिग्रीच्या पुढं जाते, मग इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, तिला थंड करतो. टर्बोच्या आधी पाच-सात डिग्री कमी-जास्त झाले तर इंटरकूलरच्या पुढं फारसं काही उरत नाही.

मायलेज. कार्बोरेटरच्या जमान्यात फिल्टर चोक झाला की मिक्श्चर रिच व्हायचं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जायचं, त्यातनं हा समज आलाय. आता फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर हवा मोजतो नि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं 2009 मध्ये टेस्ट केली होती, फिल्टर चांगलाच चोक करूनसुद्धा इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या मायलेजला फरक पडला नाही, पडला तो पिकअपला. आणि साध्या चालीत थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, स्वतःच अर्धा बंद असतो, हवा तिथंच अडवलेली असते, मग पुढं मोठा पाइप लावून काय वाढणार?

मग लावणारे म्हणतात ना, पिकअप वाढल्यासारखं वाटतं. आवाज वाढतो म्हणून वाटतं. कंपनीच्या डब्यात नि त्याच्या रेझोनेटरमध्ये (आवाज दाबणाऱ्या पोकळ कप्प्यात) इंजिनाच्या हवा ओढण्याचा आवाज मुरतो, डबा काढला की तो गुरगुरत केबिनमध्ये येतो. आवाज आवडत असेल तर तसं म्हणा, पॉवर म्हणू नका.

पाइपाचं थोडक्यात सांगतो. साधा पीव्हीसी साधारण 60 डिग्रीपर्यंतच्या कामासाठी असतो, बॉनेटखाली त्याच्यापुढं जायला वेळ लागत नाही. पाइप मऊ पडला की जॉइंट सैल होतो नि हवा फिल्टरला चुकवून आत जाते. एमएएफ सेन्सरवाली (पाइपातनं जाणारी हवा मोजणारा सेन्सर) गाडी असेल तर पाइपाचा व्यास बदलला की सेन्सरचं मोजमाप चुकतं, तेल लावलेला फिल्टर असेल तर ते तेल सेन्सरच्या फिल्मवर बसतं, मग चेक इंजिन लाइट घेऊन फिरा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू परत इनटेकमध्ये आणणारा पाइप उघडा सोडला तर तिथनंही कचरा. आणि कोन खाली बंपरमध्ये नेला तर सप्टेंबरच्या पावसात रस्त्यावर साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन खोलायचाच खर्च.

पण मला खरी काळजी धुळीची आहे. आपलं गाव बघा, होटगी रोडला सिमेंटचे टँकर, अक्कलकोट रोड एमआयडीसीची धूळ, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आणि उन्हाळ्यात दुपारी वारं सुटलं की समोरचं दिसत नाही. 1200 सीसीचं इंजिन 3000 आरपीएमला फुल थ्रॉटलवर मिनिटाला 1800 लिटरच्या आसपास हवा ओढतं. एवढ्या हवेतली बारीक धूळ, म्हणजे दगडाचाच चुरा, कंपनीचा कागदी फिल्टर 99 टक्क्यांच्या वर अडवतो. बाजारातला स्वस्त कोन किती अडवतो ते पाकिटावर लिहिलेलं तरी असतं का? एअर फिल्टर तपासायचं आयएसओ 5011 हे स्टँडर्ड आहे, त्याचा रिपोर्ट दुकानदाराला मागून बघा. जी धूळ आत जाते ती रिंगा नि सिलिंडर घासते, टर्बो असेल तर आधी त्याची पाती. लगेच काही दिसत नाही, नंतर ऑइल कमी व्हायला लागतं, निळा धूर येतो, नि तेव्हा कुणालाच तो पाइप आठवत नाही. ज्यांनी आधीच लावलाय त्यांनी इंजिन बंद करून फिल्टर नि थ्रॉटलच्या मधल्या पाइपात ओला पांढरा रुमाल फिरवा. करडा झाला तर आजच डबा परत बसवा.

खरंच पिकअप कमी वाटत असेल तर तो काळा डक्ट जागेवर आहे का बघा, सर्व्हिसिंगमध्ये काढतात नि कधीकधी बसवायचा राहतो, मग डबा बॉनेटमधलीच गरम हवा ओढत बसतो. डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, रबराची कड दुमडली नाही ना, हे हात फिरवून बघा. मॅन्युअलमध्ये फिल्टरचा जो किलोमीटर दिलाय त्याच्या आधीच बदला, मॅन्युअलमध्येच धुळीच्या रस्त्यासाठी वेगळा आकडा असतो. आणि कॉम्प्रेसरची हवा मारायचीच असेल तर आतल्या स्वच्छ बाजूनं, लांबनं नि कमी प्रेशरनं मारा, जवळनं मारली की कागद फाटतो, फाटलेला कागद डोळ्याला दिसत नाही, बल्बसमोर धरला तरच दिसतो.