गांजाचं कार्ड आणि ग्रीन कार्ड

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: 'डॉक्टरांकडून मेडिकल मारिजुआनाचं (औषधी गांजाचं) कार्ड काढा, मग ते इतर गोळ्यांसारखंच औषध. देशभर चालतं. नोकरीला, व्हिसाला धक्का नाही.' दुखण्याने जेरीस आलेल्या माणसाला वाचून हायसंच वाटेल. पण यातलं एकही विधान टिकत नाही.

'इतर गोळ्यांसारखंच.' डॉक्टर याचं प्रिस्क्रिप्शन देत नाहीत. बहुतेक राज्यांत ते फक्त प्रमाणित करतात, की यादीतला अमुक आजार या पेशंटला आहे.

'देशभर चालतं.' १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने सुरुवात केली आणि पुढे प्रत्येक राज्याने आपली वेगळी चूल मांडली. न्यूयॉर्कचा पेशंट घरी रोप लावू शकतो, फ्लोरिडाचा नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया, दोन्हीकडे मेडिकल कायदा आहे. तरी गांजाची डबी घेऊन दोन्हींमधल्या डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायदा मोडलाच.

'नोकरीला धक्का नाही.' कोलोरॅडोचे ब्रँडन कोट्स हातापायांनी अधू, स्नायूंच्या आचक्यांसाठी घरीच गांजा घ्यायचे, तोही कार्डावर. डिश नेटवर्क या आपल्या कंपनीच्या ड्रग टेस्टमध्ये सापडले आणि नोकरी गेली. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचीच बाजू उचलून धरली. काही राज्यांत पेशंटला संरक्षण आहे, पण ते त्या-त्या राज्यापुरतं.

आता व्हिसा. आपल्या लोकांना खरा फटका इथे बसू शकतो, आणि मेसेज नेमका इथेच बेफिकीर आहे. इमिग्रेशन कायदा फेडरल आहे आणि फेडरल कायद्यात गांजा 'नियंत्रित' पदार्थ आहे, त्यामुळे राज्याचं कार्ड तिथे ढाल ठरत नाही. अटक किंवा शिक्षा झालेलीच असावी लागते असंही नाही. अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही अंगाशी येऊ शकते. नागरिकत्वासाठी 'चांगलं चारित्र्य' लागतं, आणि राज्यात कायदेशीर असलेला गांजाही त्याच्या आड येऊ शकतो, हे यूएससीआयएसने (व्हिसा-नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या फेडरल संस्थेने) एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं. गांजाची फेडरल अनुसूची (नियंत्रित पदार्थांची कडक-सौम्य वर्गवारी) बदलली तर प्रश्न सुटेल, ही आशाही फोल. इमिग्रेशन कायदा पदार्थ 'नियंत्रित' आहे का, एवढंच बघतो. अनुसूची कितवी, ते नाही. नोकरीचा एच-१बी व्हिसा असो वा ग्रीन कार्ड, गांजाच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

'पण पेशंटला कोण पकडतंय?' या युक्तिवादात थोडं तथ्य आहे. राज्यांच्या मेडिकल योजनांमध्ये अडथळा आणायला फेडरल न्याय खात्याने पैसा वापरू नये, अशी अट २०१४ पासून बजेटमध्ये घातली जाते. मात्र ती न्याय खात्यापुरती. यूएससीआयएस होमलँड सिक्युरिटी या वेगळ्या खात्याखाली येतं.