बर्फीची जट

आमचे चिरंजीव बंगळुरूला नोकरीला गेले आणि जाताना एक शिह त्झू कुत्री आमच्या पदरात टाकून गेले. जात तिबेटाकडची, चीनच्या राजवाड्यात लाडानं वाढलेली. तिथं केस विंचरायला नोकरचाकर असतील. लातुरात आम्ही दोघंच. नाव बर्फी.

"बाबा, हिचे केस गळत नाहीत," असं पोरगं कौतुकानं सांगून गेलं. कमी गळतात, हे खरंच. पण गळालेला केस खाली न पडता वरच्या केसांतच अडकतो आणि त्याचा गुंता होतो, एवढं सांगायचं तेवढं राहिलं. वरवर ब्रश फिरवला की कुत्रं जाहिरातीतल्यासारखं दिसतं. आत कातडीशी नमदा तयार होत असतो. म्हणून केसांचा एकेक पदर उचलायचा, खालचा मुळापर्यंत सोडवायचा, मग पुढचा. कानामागं, काखेत, पट्टा घासतो तिथं जास्त. मी तलाठी म्हणून रिटायर झालो. पोटहिश्श्यांचे सातबारे याहून लवकर सुटायचे, आणि ते चावत नसत.

एकदा कानामागची गाठ शेजारच्या आक्कांनी पाहिली.

"आगं बया, जट आली की हिला! कापू नगा. देवीची असंल. तुळजापूरला जाऊन या."

"आक्का, कॉर्नफ्लोअर लावून सोडवूलालाव," बायको म्हणाली. पावडरीनं केस सुटे होतात, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं.

आक्का जरा वेळ बघत राहिल्या. "मग तळायची हाय का?"

फिरायला नेलं की कुसळं आणि गोखरू घेऊन येते. बोटांच्या बेचक्यातलं कुसळ राहिलं तर आत आत शिरतं, सूज येते. त्यामुळं रोज संध्याकाळी चष्मा लावून मी तिचे पाय वाचतो.

आंघोळ हा मात्र स्वतंत्र प्रकल्प. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं आमचं गाव. नळ येईल तो दिवस आमचा. पण गुंता न सोडवता पाणी घातलं की तो आणखी आवळतो, म्हणजे आदल्या रात्रीच विंचरून ठेवायचं. शाम्पू कुत्र्याचाच हवा, आणि तो पुरता धुऊन निघायला हवा, नाहीतर खाज. बर्फीच्या दिवशी मी स्वतः तोंड धुण्यावर भागवतो. मग ड्रायर लावावा, तर हमखास लाइट जाते. ओले केस तसेच सोडून चालत नाही. शेवटी ती पाटावर बसते आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालतो. राजवाडा लातुरात आला म्हणायचा.

उन्हाळ्यात आमच्या नेहमीच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं.

"झिरो मारू का मालक?"

"नको नको! उघड्या कातडीला ऊन लागतं. इंचभर ठेव. अन् मशीन तापली तर थांब."

त्यानं एवढ्या सूचना कधी नवरदेवाकडूनही ऐकल्या नसाव्यात. तरी डोळ्यांवरचे केस हलक्या हातानं कातरले, तळव्यांच्या गाद्यांमधले काढले, आणि टॉवेल झटकत माझ्याकडं वळला. "आता तुमचं करू?"

"त्यांचं ऱ्हाऊ द्या," आतून बायकोचा आवाज आला. "कापण्यापुरतं हाय काय तिथं? त्यापेक्षा दुकानातून हिच्या शेंडीला बारीक रबरं पाठवून द्या. गुलाबी."