झोपलंय होय? उठव की!

झोपलेलं बाळ दिसलं की लोकांचे हात नेमके का शिवशिवतात, ते सांगा मला कुणीतरी.

आज काकू आली, बदलापूरहून, बाळंतविडा घेऊन. पहाटेपासून माझ्या खांद्यावर लोंबत असलेले चिरंजीव साडेअकराला कसेबसे पाळण्यात गेले होते. आधी पाय, मग बूड, मग डोकं, मग खालचा हात एकेक बोट करत सोडवायचा, तोही श्वास रोखून. काकू चपला काढताकाढताच म्हणाली, "झोपलंय होय? अरे, उठव की! एवढ्या लांबून आलेय मी." मी नको म्हणेपर्यंत तळपायावर टिचकी. तेवढ्याने उठला नाही, म्हणून आणखी एक. (उठला नाही! एवढी गाढ झोप आमच्या घरात सणासुदीला येते.) मग दोन्ही हात हवेत फेकून त्याने जो टाहो फोडला, त्यावर काकूचं निदान: "भूक लागलीय. आईकडे दे. तुम्हा पुरुषांना कळत नाही त्यातलं."

टाके दुखतात म्हणून बायको फक्त पाजते. ढेकर, लंगोट, येरझारा, सगळं रात्रभर हाच पुरुष करतोय. पण ते सांगणार कुणाला? चहा घेत काकू म्हणते, "आमचा बंड्या दुसऱ्या महिन्यापासून रात्रभर सलग झोपायचा हो." बंड्या आता चाळिशीला आलाय आणि रात्री अडीचला व्हॉट्सॲपवर ऑनलाइन असतो. मी बघतो ना, जागाच असतो.

मग जायफळ उगाळून चाटव. डॉक्टर म्हणतात, 6 महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. काकू म्हणते, डॉक्टरला मुलं किती? दृष्टही काढून झालीय. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, म्हणतात. आम्हाला तिघांनाही लागला. म्हणजे दृष्ट नव्हतीच, नुसता धूर.

आणि ती झबल्याची टिचबटणं! रात्री तीनला, अंधारात, लाथा मारणाऱ्या पायांवर लावून दाखवा म्हणावं शिवणाऱ्याला. समोरच्या बिल्डिंगमधला एकजण गाडी मागे घेताना भक्तिगीत वाजवतो. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे, हे पलीकडच्या हळदीतल्या डीजेला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

नवजात बाळं दिवसाकाठी 14 ते 17 तास झोपतात म्हणे. झोपतात की! आमचा हिशेब अगदी बरोबर भरतो, फक्त तुकड्यातुकड्यांत आणि बहुतेक सगळा उन्हात. रात्र-दिवसाचं घड्याळ तीनेक महिन्यांनी बसायला लागतं म्हणे. तोवर माझं पुरतं बिघडलेलं असेल. ऑफिसच्या कॉलवर मी उभ्याउभ्या झुलतो. मॅनेजरने विचारलं, बोटीत बसलायस का?

काल तर लिफ्टमध्ये दुधाची पिशवी खांद्यावर घेऊन थोपटत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "काढला का ढेकर?"

मी म्हणालो, "नाही अजून."