जरा बाजूला व्हाल का, शूटिंग चालू आहे

मुंबईत मोबाईल हातात धरून तुम्ही अख्खा पिक्चर काढलात तरी कोणी ढुंकून बघत नाही, पण तोच माणूस जरा बरा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून उभा राहू दे, दोन मिनिटांत प्रश्न येतोच, "कुठलं चॅनल?" चॅनल नाही म्हटलं की "मग लग्नाची कामं करता का?" आणि तेही नाही, असंच, हौस म्हणून करतो म्हटलं की समोरच्याच्या नजरेत अर्धी कीव आणि अर्धा संशय. हवालदार साहेब तर ट्रायपॉडचे पाय उघडायचीच वाट बघत असतात. "परमिशन आहे का?" आजूबाजूला पन्नास जण तेच दृश्य मोबाईलवर घेत असतात, त्यांना काही नाही, कारण त्यांच्या मोबाईलला पाय नाहीत.

त्यात माझ्या माईकला केसाळ टोपरं आहे. समुद्राकडच्या वाऱ्याची घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून ते घालावंच लागतं, शोभेचं नाही ते, पण हे सांगायचं कोणाला? गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उभा होतो, ताशाचा असा काही कडकडाट चाललेला की अंगावर काटा, आणि बाजूला बाबांच्या खांद्यावर बसलेल्या एका चिमुरडीने वाकून ते टोपरं अगदी मन लावून कुरवाळायला घेतलं. घरी येऊन ऐकतो तर ढोल नाही, ताशा नाही, नुसतं खरखर खरखर आणि मधूनच "बाबा, माऊ!" बाबा पण ग्रेट, "हळू हां, चावेल."

नातेवाईकांचा विषय वेगळाच. "येताना तुझा तो मोठा कॅमेरा आण रे," एवढ्या एका वाक्यात मावशीच्या नातवाच्या बारशाचं कंत्राट मला मिळालं, मानधन अर्थात आशीर्वाद. हॉलवाल्याने पाळण्याला स्वस्तातल्या एलईडी माळा गुंडाळलेल्या. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर सेकंदाच्या 1/50 ला ठेवलं की ट्यूबलाईट व्हिडिओत न लुकलुकता गप्प बसतात, पण या माळा कुठल्याच शटरला दाद देईनात. मावशीने मागून स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं आणि तिचा चेहराच पडला. "अरे, बाळ असं लुकलुकतंय काय रे? दृष्ट काढू का?" मी हर्ट्झपासून समजवायला सुरुवात केली तर म्हणे, "तुझा तो हर्ट्झ राहू दे, आधी आत्याबाईंना घे, त्या फुगल्यात." आत्याबाईंना तीन अँगलने घेऊन जेवायला गेलो तोवर श्रीखंड संपलेलं. हे कायमचंच आहे, कॅमेरावाल्याला नेहमी वरण-भातच मिळतो.

पण मी ज्याच्यासाठी हे सगळं करतो ते म्हणजे डबलडेकर. लहानपणापासूनचं वेड. वरच्या मजल्यावर एकदम पुढची सीट पकडायची, तोंडावर वारा घ्यायचा, झाडाची फांदी फटकन आपटली की उगाच डोकं खाली घालायचं, हे ज्यांनी केलं नाही त्यांच्या बालपणाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. 1937 पासून मुंबईत डबलडेकर धावत होत्या आणि 15 सप्टेंबर 2023 ला त्यातली जुनी, बिनएसीची शेवटची गाडी निघणार होती, रूट 415, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झ. ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं आणि गेलो. गाडीला हारतुरे, फुगे, आमच्यासारखे बसवेडे कॅमेरे घेऊन हजर, काहींचे डोळे भरलेले. मी आधीच जागा हेरून ठेवलेली, बस वळणार, वरच्या मजल्यावर ऊन पडणार, मी सावकाश कॅमेरा फिरवणार, सगळं मनात दहा वेळा करून झालेलं. बस वळली, ऊनही पडलं, आणि बरोब्बर लेन्सच्या पुढ्यात डब्याची पिशवी काखेत मारलेले एक काका.

"ओ भाऊ, ही सीप्झला जाते ना?"

"जाते हो काका, पण जरा बाजूला व्हा ना, ही शेवटची आहे."

"शेवटची? दिवसाढवळ्या? मग संध्याकाळी यायचं कसं आम्ही?"

म्हटलं तसं नाही, कायमची शेवटची, यानंतर ह्या गाड्याच बंद. काकांनी बसकडे बघितलं, हार बघितले, फुगे बघितले आणि म्हणाले, "तरीच आज लेट आली." आणि चढले, वरच्या मजल्यावर! खालून ओरडावंसं वाटत होतं, पुढची सीट घ्या हो काका, पण ऑडिओ चालू होता. नव्या एसी डबलडेकर आल्यात, लाल आहेत, इलेक्ट्रिक आहेत, आवाज नाही, धूर नाही, सगळं मान्य. पण काच बंद, वारा नाही, आणि ज्या डबलडेकरमध्ये केस विस्कटत नाहीत तिला मी अजून मनाने डबलडेकर म्हणत नाही.

क्रिकेटचं वेड वेगळं, पण 4 जुलै 2024 ला दोन्ही वेडं एकाच रस्त्यावर आली, वर्ल्ड कप जिंकलेली टीम उघड्या बसमधून मरीन ड्राइव्हवर. 2007 ला मिरवणूक बेस्टच्या बसमधून निघाली होती, ह्यावेळची गाडी गुजरातची, त्यावर राजकारण जे झालं ते झालं, मला आपलं बसवेडा म्हणून लागलं. गर्दी अशी की पाय कोणाचे ते कळेना. अखेर बस आली, रोहित शर्मा, हातात कप, मी कॅमेरा डोक्यावर धरला आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी आनंदाच्या भरात मला कॅमेऱ्यासकट खाली ओढून कडकडून मिठी मारली. बस निघून जाईपर्यंत सोडलं नाही. ऑटोफोकसने इमानदारीत जे समोर होतं ते पकडलं. त्यांच्या शर्टाचं बटण, पांढरं, चार भोकांचं, एक दोरा सुटलेला. इतका शार्प शॉट माझ्याकडे दुसरा नाही.

रात्री गर्दी पांगल्यावर रस्ताभर चपला-बूट पसरलेले. म्हटलं चला, हे तरी निवांत मिळेल, खाली बसलो, कॅमेरा रस्त्याला टेकवला, समोर ओल्या डांबरावर बेवारस चपलांची रांग आणि मागे वानखेडेचे लाईट. फ्रेममध्ये कोणीही नाही. रेकॉर्ड दाबलं आणि डावीकडून एक अनवाणी पाऊल आत आलं.

"दादा, नऊ नंबरचा डावा दिसला का हो? काळा, पट्टेवाला."

"मी पण डावाच शोधतोय. आठ नंबर."

"तुम्ही तिकडून बघा, मी इकडून बघतो," म्हणाला, आणि कॅमेरा ओलांडून पलीकडे गेला.