गुणवंतांच्या पालकांनो, तयारीला लागा

निकाल लागला की पहिलं काम पेढ्यांचं नाही, पासपोर्ट फोटोंचं. क्लासवाल्यांचा फोन अर्ध्या तासात येतो. ज्या क्लासला पोरगं नुसतं डेमोला बसून आलं होतं, त्यांचाही येतो. दोघांनाही फोटो द्या. शाळेला द्या, सोसायटीला द्या, नगरसेवकांनी मागितला तर आधी द्या. एकच मूल चार ठिकाणी 'यशाची उज्ज्वल परंपरा' होत असेल, तर आपण आड कशाला यायचं?

टक्के मात्र जपून सांगा. 2025 च्या दहावीत राज्यात 211 जणांना पैकीच्या पैकी टक्के पडले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. त्यामुळे 94 टक्क्यांचे पेढे घेऊन शेजारी गेलात, तर "होतं असं कधी कधी" हे ऐकून यायची तयारी ठेवा.

ऑलिंपियाड निवडताना घोळ घालू नका. एक मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रामार्फत चालतं. त्यात प्रत्येक टप्प्यावर पोरं गळतात. आपल्याला ते नको. शाळेत ज्याचा फॉर्म आणि फी मागतात आणि वर्गातल्या पहिल्याला सुवर्णपदक देतात, ते घ्या. फ्लेक्सवर दोन्ही सारखीच दिसतात.

इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या विज्ञान प्रकल्पांसाठीच्या सरकारी योजनेत निवड झाली की प्रकल्पासाठी 10,000 रुपये मिळतात. कल्पना मुलाची असावी, अशी अपेक्षा आहे. म्हणजे कल्पना तुमची, सोल्डरिंग गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्याचं आणि पाठांतर मुलाचं.

राहिले नेतृत्वगुण. त्यासाठी शाळेचं मंत्रिमंडळ आहे. स्वच्छता, क्रीडा, सहल अशी भारदस्त खाती असतात. प्रत्यक्ष कारभार म्हणजे ऑफिसातून खडू आणणे, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणे आणि सर येताना दिसले की त्यातलं आपल्या मित्राचं पुसणे. हे शेवटचं खातं सांभाळता आलं, की पोराच्या भवितव्याची काळजी मिटली.

आता गुणगौरव सोहळा. वेळ पाचची असेल तर पाहुणे सातला येतात. मुलाला खाऊ घालून न्या. दीपप्रज्वलन, मग मंचावरच्या प्रत्येकाचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार, असं करत गाडी गुणवंतांपर्यंत येईतो माइकवाला "जरा आवरतं घ्या" म्हणू लागतो. ट्रॉफी मुलाने लगेच ओढून घेऊ नये. ती अर्धी पाहुण्यांच्या हातात असतानाच फोटो काढतात, आणि पाहुणे मुलाकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे बघत असतात. गुच्छ मंचामागे परत मागतील, तो निमूट द्यावा. पुढच्या पोराला तोच द्यायचाय. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं असेल तर घरी जाऊन हळहळा.

आणि हो, एनएमएमएस ही सरकारी शिष्यवृत्ती मिळवलेली मुलगी या गर्दीत आणू नका. आठवीत परीक्षा द्यायची, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मग नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. महिन्याचे हजार. वह्या-पुस्तकं सुटतात, कधी चष्मा सुटतो. पण क्लासची फी भरायची ऐपत नाही, तर फोटो कुणाच्या फ्लेक्सवर लावणार? शिवाय त्या फ्लेक्सवर 27 शुभेच्छुक बसवायचे असतात. तिचे वडील सेतू केंद्राच्या रांगेत आहेत. आधारवर वैष्णवी आणि शाळेच्या दाखल्यावर वैश्णवी, त्यामुळे पैसे अडकलेत. ते सुटले तरी पुढच्या वर्षी नूतनीकरण आहेच. त्यांना एकच सूचना: सोहळ्याच्या दिवशी सर्व्हर चालू असेल, तर सोहळ्याला येऊ नका, फॉर्म भरून घ्या.