कांद्याचा भाव असा पाडा

समजा, उद्या सकाळी महागाई आटोक्यात ठेवायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं. महिना सप्टेंबरचा, कुठल्या तरी राज्यात निवडणूक तोंडावर (ती असतेच), आणि टीव्हीवर कुणीतरी रिकामी पिशवी हलवत सांगतंय की किलोऐवजी पावशेरच घेतला. घाबरू नका. घरभाडं, शाळेची फी, दवाखान्याचं बिल यांच्या वाटेला जाऊ नका, ती मंडळी कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही कांदा धरा. महागाई ज्यावर मोजतात त्या, 2012 पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात त्याचा वाटा होता अवघा 0.64 टक्के, पण 1998 साली दिल्ली राज्यातली सत्ता कांद्याच्या भावात गेली याची धास्ती अजून टिकून आहे. शिवाय कांदेवाला रुसून घरी बसला, तरी सडतो तो त्याचाच माल.

पहिला नियम: मे महिन्यात काहीही करायचं नाही. देशात वर्षभरात पिकणाऱ्या कांद्यापैकी 65 टक्क्यांच्या आसपास रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळी. तो मार्च ते मे निघतो आणि नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, सगळा देश त्याच्यावर जेवतो. साठवणूक सुधारायची तर ती मेमध्ये सुधारावी लागते. पण मेमध्ये कांदा स्वस्त असतो आणि कॅमेरे दुसरीकडे असतात. थांबा.

कांदा साठवायच्या चाळीकडे तर फिरकूही नका, उगाच मन कच्चं होईल. माना पडल्या की कांदा काढतात, पातीसकट शेतात सुकवतात, बोटभर मान ठेवून पात कापतात, सावलीत वाळवतात. मग जमिनीपासून उचललेल्या, खालून-बाजूने वारं खेळेल अशा चाळीत चार-पाच फुटांचा थर लावतात. त्याहून उंच लावला तर खालचा दबतो. इतकं करूनही वजन घटतंच, पावसाळ्याच्या दमटपणात सड लागते आणि शेवटी कोंब फुटतात. मेमध्ये टाकलेल्या 100 किलोंतले ऑक्टोबरला 65 हाती लागले तरी पुष्कळ. म्हणजे मेमध्ये 1,300 रुपये क्विंटलने विकता आला असता तो कांदा ऑक्टोबरमध्ये 2,000 ला गेला, तर शेतकरी जिथल्या तिथेच. मजुरी आणि व्याज वेगळं. हे वरचे 700 रुपये तुम्ही पत्रकार परिषदेत ‘साठेबाजांची नफेखोरी’ म्हणून वाचून दाखवायचे.

आता हत्यारं. हलकं हत्यार म्हणजे साठा मर्यादा. 23 ऑक्टोबर 2020 ला घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ विक्रेत्याला 2 टन अशी लावली होती. नाशिकजवळच्या लासलगावच्या कांदा बाजारात एक मोठा ट्रक भरला की 25 टनांची मर्यादा जवळपास संपते. तो ट्रक हलेपर्यंत व्यापारी दुसऱ्या ट्रॅक्टरवर बोली लावेलच कशाला? लिलाव बंद पडतात, चाळीतला माल चाळीत राहतो आणि शहरात आवक घटते. थोडक्यात, भाव पाडायला गेलात आणि टंचाई करून आलात. पण धाडीचे फोटो चांगले येतात.

कायद्याची अडचण वाटून घेऊ नका. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 15 सप्टेंबरला, शेतमालावरची साठ्याची बंधनं सैल करणारी दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. शेतकरी स्वतंत्र, कांदा कोठडीत!

खरी मजा मात्र निर्यातीत आहे, आणि त्यासाठी 2023-24 चा धडा पाठच करून ठेवा. ऑगस्ट 2023 मध्ये रातोरात 40 टक्के निर्यात शुल्क. आधी कुणाला कळवायचं नाही, कंटेनर बंदराच्या वाटेवर असतानाच आदेश निघायला हवा. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचाच नाही. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून 8 डिसेंबरपासून सरळ बंदी, 31 मार्चपर्यंत. शेतकरी 31 मार्चच्या आशेवर कांदा लावतो, राखतो, काढतो. 22 मार्चला त्याला सांगायचं: बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’.

पुढचा आदेश कधी काढायचा? लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना. आधी एप्रिलमध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट द्या. नाशिककर ओरडले की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती वगैरे सहा देशांसाठीचा 99,150 टनांचा आकडा पुढे करा. मग 4 मे 2024 ला बंदी उठवा, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क ठेवा. 550 अधिक 220, झाले 770 डॉलर टन. त्या वेळच्या दराने किलोला साधारण 64 रुपये. दार सताड उघडं, फक्त उंबरठा छातीएवढा. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान 20 मे रोजी होतं. (दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, पण त्यात कांद्याचा हात होता असं तुम्ही मुळीच मानू नका.)

किमान मूल्याची अट 13 सप्टेंबर 2024 ला गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, म्हणजे उन्हाळी कांदा चाळीतून बराचसा संपल्यावर आणि विधानसभा निवडणूक जवळ आल्यावर. उरलेलं 20 टक्के गेलं 1 एप्रिल 2025 ला, नव्या उन्हाळी कांद्याची आवक सुरू होऊन भाव घसरत असताना. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मधल्या काळात परदेशी गिऱ्हाईक काही उपाशी बसत नाही. पाकिस्तान, चीन, इजिप्त कुठूनही घेतं. आज मिळेल आणि उद्या मिळणार नाही अशा दुकानात कोण उधारीचं खातं ठेवील?

राखीव साठाही हवाच. 2023 मध्ये तो 3 लाख टनांवरून 5 लाखांवर नेला आणि वाढीव खरेदीला 2,410 रुपये क्विंटलचा दर जाहीर झाला. नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी घ्यायचा, आणि चाळीतला माल जेव्हा चार पैसे बघणार तेव्हाच शहरात सोडायचा. शेतकऱ्याचाच कांदा, शेतकऱ्याच्याच भावावर. शहरातल्या गिऱ्हाइकाला तो 2023 ला 25 रुपये किलोने दिला, 2024 ला 35 ने. ऑक्टोबर 2024 मध्ये तर लासलगावहून दिल्लीला ‘कांदा एक्सप्रेस’ गेली, 1,600 टन घेऊन.

एक आकडा मात्र बैठकीत निघू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले सुमारे 36 पैसे कांदा उत्पादकाला मिळतात असं आढळलं. म्हणजे 50 रुपये किलोतले त्याचे 18. त्याचा भाव निम्म्यावर आणला, तरी बाकीचं सगळं जिथल्या तिथे राहिलं तर गिऱ्हाइकाचे वाचले 9. उरलेले 32 रुपये हमाली, तोलाई, बारदान, भाडं, घट आणि हात बदलण्यात जातात. तिथे हात घालायचा तर वर्षानुवर्षं काम करावं लागतं, आणि तुमच्याकडे पुढचा आठवडा आहे.

शेवटी भाव फारच पडला तर अनुदान. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा 512 किलो कांदा रुपया किलोने गेला. भाडं, हमाली, तोलाई कापून हाती 2 रुपयांचा धनादेश आला, तोही पुढच्या तारखेचा. मग राज्याने क्विंटलला 350 रुपये जाहीर केले, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलच्या मर्यादेत, 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या कांद्याला. त्या 512 किलोंचं अनुदान बसतं 1,792 रुपये. अर्जासोबत विक्रीपट्टी, बँक पासबुक आणि सातबारा मागा, आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे ना, ते नीट बघा. ती बहुतेक नसते.